पहिल्या घरच्या मुलांचं नाव सातबाऱ्यावर येऊ द्या

पाबळला मस्तानीची समाधी आहे. १७४० मध्ये बाजीराव पेशवे गेले, पाठोपाठ मस्तानीही. गादीवर काशीबाईंचे नानासाहेब बसले. मस्तानीच्या समशेरबहाद्दराच्या वाट्याला बांद्याची जहागीर आली. पानिपतच्या लढाईत जखमी होऊन १७६१ मध्ये तो वारला.

आज कोणत्या बायकोचं पोर, हा प्रश्नच नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार बाप मृत्युपत्र न करता गेला, तर पहिल्या आणि दुसऱ्या लग्नाच्या मुलामुलींना सारखाच हिस्सा. आईनं दुसरं घर केलं तरी बापाच्या जमिनीवरचा त्यांचा हक्क सुटत नाही. पहिली बायको असताना झालेलं दुसरं लग्न बेकायदा. पण त्या मुलांनाही बापाच्या वाट्यातला हिस्सा मिळतो, असं सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये सांगितलं. सावत्र बापाच्या मालमत्तेत मात्र दत्तकविधान किंवा मृत्युपत्राशिवाय काही नाही.

घोडं अडतं ते वारसनोंदीत. आजोळी वाढलेल्या लेकरांची नावं अर्जात ‘राहून’ जातात, फेरफार मंजूर होतो. त्या नोंदीनं मालकी ठरत नाही हे खरं; पण ती दुरुस्त करायला तालुक्याच्या गावी हेलपाटे घालायचे कुणी? वारसाच्या अर्जातच मयताच्या आधीच्या लग्नाचा आणि त्या मुलांचा स्वतंत्र रकाना हवा, आणि तो भरल्याशिवाय तलाठ्यानं अर्ज घेऊ नये.