दुरुस्ती हवी, नवेपण नको

डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतील एका लिलावात बीटल्सच्या रिंगो स्टार यांचा लुडविग बनावटीचा ड्रम-संच २० लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकला गेला. ही किंमत लाकडाला आलेली नसून वादकाच्या कीर्तीला आलेली आहे, हे उघड आहे. तथापि अशा बातम्यांमुळे ज्यांच्या माळ्यावर त्याच काळातील एखादा संच धूळ खात पडला आहे, त्यांना त्याची एकाएकी आठवण होते. संच खाली काढला जातो आणि कौतुकाच्या भरात पहिला हात जातो तो काचकागदाकडे. वाळवीने आणि गंजाने जुन्या वाद्यांचे जे नुकसान केले, त्याहून या हौसेने केलेले नुकसान कमी नाही.

अमेरिकेत लाकडी ड्रम बनविण्याची परंपरा मोठी आहे. ग्रेच ही ब्रुकलिनमधील पेढी १८८३ ची. लुडविग बंधूंनी १९०९ साली शिकागोत पायाने वाजवावयाच्या बास ड्रमच्या पेडलपासून आपल्या व्यवसायास आरंभ केला. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी एड सलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात बीटल्स आले आणि बास ड्रमच्या पडद्यावरील लुडविगचे नाव घराघरांत पोहोचले. मागणी अतोनात वाढली. आज जीर्णोद्धाराचा प्रश्न ज्यांच्याबाबत उपस्थित होतो, त्या संचांपैकी पुष्कळसे त्याच दशकातील आहेत.

तबल्याचे खोड एकसंध लाकूड कोरून करतात. या ड्रमचे तसे नसते. मेपल, पॉप्लर, महोगनी अशा लाकडांचे पातळ थर एकमेकांस चिकटवून त्यांचे नळकांडे वळवितात आणि पुष्कळदा त्यावर मोत्यासारखी झाक असलेले सेल्युलॉइडचे आवरण चढवितात. हे आवरण वयोमानाने आक्रसते, जोडावर उकलते आणि पिवळे पडते. मालकाला वाटते की, ते सोलून काढले व लाकडाला झकास पॉलिश केले की झाले. पण आवरणाखालचे लाकूड दर्शनी म्हणून निवडलेले नसते. आवरणाबरोबर त्याचा वरचा पापुद्राही निघून येतो. जुने सेल्युलॉइड ज्वालाग्राही असल्यामुळे ते उष्णता देऊन सोडविणे धोक्याचेही आहे. कारखान्याचा बिल्ला उचकटावा लागतो व तो पूर्ववत बसत नाही. नळकांड्याच्या आत शाईने उठविलेला तारखेचा शिक्का असेल, तर आतून घासताना तोही पुसला जातो. वाद्य केव्हाचे, हे सांगणारा पुरावा वाद्याच्या मालकानेच नष्ट केलेला असतो.

याहून गंभीर प्रश्न नादाचा आहे. ज्या कडेवर पडदा टेकतो, ती कड जुन्या संचांत बहुधा गोलसर असते. पडदा तिच्यावर अधिक रुंदीने टेकतो आणि ड्रमला ऊबदार, आखूड नाद येतो. अलीकडच्या संचांची कड अणकुचीदार असते व तिचा नाद अधिक लख्ख आणि लांबणारा असतो. जुनी कड यंत्रावर नव्या पद्धतीने कापून घेतली, की जुन्या अंगाचे पण नव्या आवाजाचे एक भलतेच वाद्य हाती उरते. कापलेले लाकूड परत येत नाही.

यावर वादकांचा आक्षेप असा की, वाद्य वाजविण्यासाठी असते, काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी नव्हे. हा आक्षेप रास्त आहे. पडदे फाटले असतील तर नवे घालावेत. ते झिजण्यासाठीच असतात. गंजलेले स्क्रू सोडवून त्यांस तेल द्यावे, क्रोमचा मुलामा सौम्य साबणाने पुसावा, उकललेला जोड चिकटवावा, सुटलेला थर पुन्हा दाबून बसवावा. कड खरोखरीच चेपलेली असेल तर ती कुशल कारागिराकडून, पण मूळच्या आकाराबरहुकूम, सारखी करून घ्यावी. यातले काहीही वाद्याच्या ओळखीला धक्का लावीत नाही. आणि ज्या संचाचे आवरण पूर्वीच कोणी फेकून दिले आहे, नको तिथे भोके पाडली आहेत, त्यास नवे रूप देण्यात काहीच गैर नाही. फक्त ते नवे आहे, हे विकत घेणाऱ्यास सांगितले पाहिजे.

१९६४ सालीच व्हेनिस येथे वास्तुसंवर्धनाची जी सनद तयार झाली, तिने असे तत्त्व सांगितले की, जेथे तर्काला आरंभ होतो तेथे जीर्णोद्धाराने थांबावे. ते तत्त्व दगडी इमारतींसाठी होते. लाकडी वाद्यांनाही ते तंतोतंत लागू पडते. जे केले ते पुढच्या माणसाला उलटविता यावे, एवढी कसोटी पुरेशी आहे.

मुंबईकरांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा जाझ वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. पुढे गोमंतकीय वादकांनी हॉटेलांतून आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांतून पाश्चात्त्य वाद्यांची मोठी परंपरा उभी केली. इलेक्ट्रॉनिक वाद्ये आल्यावर त्यांतील बरीच वाद्ये मुकी झाली. या शहराच्या दमट हवेत थर सुटतात आणि लोखंड लवकर गंजते. त्यामुळे अशी वाद्ये ज्यांच्या घरी आहेत, त्यांच्यावरची जबाबदारी अधिक आहे. त्या संचांवरचा प्रत्येक ओरखडा हा कोणाच्या तरी रात्रीच्या मेहनतीचा हिशेब आहे. तो खोडून काढला तर वाद्य चकचकीत दिसेल. परंतु ते कोणाचे होते, हे सांगणारे मग कोणी उरणार नाही.