धावपट्टीसमोरचे जहाज

बॉस्टनच्या लोगन विमानतळाला तीन बाजूंनी पाणी आहे आणि त्या पाण्यातून मालवाहू व क्रूझ जहाजांची ये-जा चालते. इमारत किंवा चिमणी नकाशावर एकदा नोंदली की झाले. जहाज हा सरकता अडथळा.

विमान तर कितीतरी उंचावरून जाते, मग जहाजासाठी खोळंबा कशाला, असे प्रवाशाला वाटते. पण हिशेब दोन्ही इंजिने चालू धरून होत नाही. ऐन उड्डाणात एक बंद पडले तरी, चाके आत घेतल्यावर, दोन इंजिनांच्या जेट विमानाला किमान 2.4 टक्के चढण साधावीच लागते, म्हणजे किलोमीटरमागे 24 मीटर. अडथळा ओलांडण्याच्या गणितात त्यातूनही 0.8 टक्के वजा करतात. उरतात 16 मीटर. मोठ्या क्रूझ जहाजाचा माथा पाण्यापासून 60 मीटरवर असू शकतो.

मग वैमानिकाने वजन घटवायचे, दुसरी धावपट्टी घ्यायची, नाहीतर थांबायचे. वजन घटवणे म्हणजे कुणाचे तरी सामान मागे ठेवणे. त्यापेक्षा थांबणे स्वस्त. बंदराने जहाजाची उंची आणि वेळ नियंत्रण कक्षाला आधीच कळवली, तर तेही बरेचदा टळेल. आणि थांबावे लागलेच, तर ‘तांत्रिक कारण’ म्हणण्याऐवजी ‘समोरून जहाज जात आहे’ एवढे प्रवाशांना सांगायला काय हरकत आहे?