डबक्यातली वर्तुळे

अमेरिकेतल्या आरंभीच्या जपानी छायाचित्रकारांना छायाचित्रणाचा इतिहास बहुधा एका वाक्यात उरकतो: धूसर, चित्रासारख्या छायाचित्रांची लाट ओसरली तरी तिला चिकटून राहिलेले हौशी लोक. दुसरा पक्ष कौतुकाचा. त्याच्या मते सपाट मांडणी आणि मोकळी जागा या लोकांच्या रक्तातच होती. या छायाचित्रकारांनी जाणूनबुजून काही निवडले असेल, हे दोन्ही पक्षांना सुचत नाही. धूसरपणा होता, हे खरेच. सिएटल कॅमेरा क्लबचे (१९२४ ते १९२९) डॉ. क्यो कोइके यांचे धुक्यातले डोंगर पाहिले की ते नाकारता येत नाही. पण शिगेमी उएदा यांचे १९२४-२५च्या सुमाराचे तेलाच्या डबक्याचे चित्र घ्या. पाण्यावर तेलाची वर्तुळे, त्यांत प्रतिबिंबे, आणि गोष्ट सांगणारे काहीच नाही. डोळा नुसत्या आकारांवरून फिरतो. धारदार भिंगाचा आग्रह धरणारा एफ/६४ गट स्थापन व्हायला तेव्हा काही वर्षे होती. अमेरिकी छायाचित्रकार पॉल स्ट्रँड मात्र या वाटेवर आधीच पुढे गेला होता, म्हणून पहिलेपणाचा दावा मी करत नाही. हिरोमू किरा यांनी तर कागदाच्या घड्याच चित्राचा विषय केल्या. हे मागे रेंगाळलेल्यांचे काम दिसत नाही.

यावर आक्षेप येतो की हे सारे अमेरिकी छायाचित्रकार एडवर्ड वेस्टनकडून आले. वेस्टनचा परिणाम झाला, यात वाद नाही. पण १९२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या जपानी वस्तीत त्याचे प्रदर्शन भरले, तेव्हा त्याची चित्रे विकत घेणारे जपानीच होते. नव्याची पारख असलेल्याला निव्वळ शिष्य कसे म्हणायचे? रक्ताचा सिद्धांतही असाच लंगडा. छायाप्रकाशाच्या तोलाची जपानी कल्पना चित्रकार-शिक्षक आर्थर वेस्ली डाऊ १८९९ पासून आपल्या पुस्तकातून अमेरिकी विद्यार्थ्यांना शिकवत होता. छायाचित्रकार कोबर्न त्याच्याकडेच शिकला. अमेरिकनांनी ती उचलली तर अभ्यास आणि जपान्यांनी वापरली तर वारसा, हा भेद निव्वळ वर्णाचा आहे. राहिला प्रश्न इतकी थोडी चित्रे का उरली याचा. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर जपानी नागरिकांकडे कॅमेरा असणेच बेकायदा ठरले. १९४२ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी कुटुंबांना छावण्यांत नेले. कोइकेही मिनिडोकाच्या छावणीत गेले. त्या धांदलीत कितीतरी प्रती व काचेच्या निगेटिव्ह हरवल्या, नष्ट झाल्या. उरलेल्या मूठभर चित्रांवरून चळवळीचा आवाका ठरवणाऱ्यांनी त्या काळच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांच्या याद्या चाळाव्यात. त्यांत ही नावे वारंवार भेटतात.