हतनूरचे दरवाजे मोजणाऱ्यांनो

पावसाळा लागला की आमच्या भुसावळ-जळगावात एक आवडता उद्योग सुरू होतो. हतनूर धरणाचे दरवाजे मोजायचे. 41 पैकी किती उघडले, किती मीटरने उघडले, विसर्ग किती क्युसेक. टपरीवर, एसटीत, व्हॉट्सअॅपवर हाच आकडा फिरतो. मोजा, जरूर मोजा. पण त्याच भुसावळ तालुक्यात वेल्हाळ्याला दीपनगर वीज केंद्राच्या राखेचा बंड, म्हणजे राख साठवणारा बांध आहे. त्याची उंची किती, ती आजवर कितीदा वाढवली, आत राख किती आणि पाणी किती, हे त्याच टपरीवर विचारून बघा. चहा संपेल, उत्तर येणार नाही.

हिशेब ढोबळच मांडतो. दीपनगरचे 500 मेगावॉटचे दोन संच पूर्ण भाराने चालले, तर दिवसाला 15-16 हजार टन कोळसा खातात. आपल्या कोळशात शेकडा 35-40 राख. म्हणजे रोज साडेपाच-सहा हजार टन. नवा 660 मेगावॉटचा संच यात धरलेलाच नाही. कोरडी राख बल्करमधून सिमेंट कारखान्यांकडे आणि वीटभट्ट्यांकडे जाते. उरलेली पाण्यात कालवून पाइपातून बंडात सोडतात. खाणीवाले धातू काढून घेतल्यावर उरलेला गाळ जसा बांधामागे कोंडून ठेवतात, तसंच हे.

आता गंमत पाहा. राखेवर इथे बोलणं कमी होतं असं नाही. मोर्चे होतात, रस्ते अडवले जातात, पुढारी एकमेकांवर तुटून पडतात. विषय दोनच: राख वाहणाऱ्या गाड्या कुणाच्या आणि धूळ किती. धुळीचं दुखणं खरं आहे. त्या गाड्यांच्या रस्त्याकडेच्या बागेत एका शेतकऱ्याने केळीच्या पानावरून बोट फिरवून मला दाखवलं होतं. बोटाखाली हिरवी रेघ, बाकी पान करडं. पण "आबा, बंड फुटला तर पाणी कुठून येईल?" असं विचारल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला चंद्रावरचा सातबारा विचारला. त्याचा काय दोष? त्याला ते कधी कुणी सांगायलाच आलं नाही.

फुटतो का असा बांध? 16 जुलै 2022 रोजी नागपूरजवळ कोराडी केंद्राचा खसाळ्याचा बंड फुटला. राखेचा चिखल शेतांत शिरला आणि कोलार-कन्हानच्या पाण्यात उतरला. ही कन्हान म्हणजे नागपूरकरांची तहान भागवणारी नदी. कोराडीही महानिर्मिती या सरकारी वीजकंपनीचं आणि दीपनगरही महानिर्मितीचंच. कारण काय पुढे आलं? अतिवृष्टी. आपल्याकडे हे एक बरं आहे. तिवरेचं धरण फुटलं, तेव्हा तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांना त्याचं कारण म्हणून खेकडे सापडले होते. खेकडे काय, पाऊस काय, दोघांनाही नोटीस बजावता येत नाही.

"आमचा खान्देश कोरडा, इथे कसला धोका" असं म्हणणारेही भेटतात. 31 ऑगस्ट 2021 ला तितूर नदी चाळीसगावात शिरली ते हे सोयीने विसरले. आणि पाऊसच लागतो असं कुणी सांगितलं? मध्य प्रदेशात सिंगरौलीला सासन प्रकल्पाचा राखबांध फुटून सहा जण गेले तो दिवस 10 एप्रिल 2020 चा. भर उन्हाळा, वर टाळेबंदी. आतलं पाणी झिरपत झिरपत बांधाच्या पोटात वाट करतं, आणि बाहेरून सगळं ठणठणीत दिसत राहतं. त्यात असे बांध वाढवण्याची स्वस्त रीत म्हणजे आधी साचलेल्या राखेवरच पुढचा थर चढवायचा. खाली निचरा नीट नसेल तर हे पिठल्यावर भाकरी उभी करण्यासारखं आहे. ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्यो इथे लोहखाणीचा असाच चढवत नेलेला बांध 25 जानेवारी 2019 रोजी कोसळला, 270 माणसं गेली. कामगारांचं उपाहारगृह बांधाच्या खालच्या अंगाला होतं आणि वेळ होती जेवणाची. त्याच्या काही महिने आधीच एका नामांकित जर्मन संस्थेने तो बांध स्थिर असल्याचा दाखला दिला होता. त्या देशाने त्यानंतर ही रीतच बंद केली.

आपण काय केलं? 2021 मध्ये धरण सुरक्षा कायदा केला. छान कायदा आहे. पण तो नदीवर पाणी अडवणाऱ्या धरणांचा. राखेचा बंड त्यात बसत नाही. त्याच वर्षी 31 डिसेंबरला केंद्राची राखेबद्दलची अधिसूचना आली, तिच्यात राखबांधाच्या सुरक्षिततेचं दरवर्षी प्रमाणपत्र घ्यायची पद्धत सांगितली आहे. पण ते प्रमाणपत्र गावात लावा, असा दंडक कुठे आहे? वेल्हाळ्याच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ते मराठीत लागलं पाहिजे. सही कुणाची, पाहणी कोणत्या तारखेला झाली, बांधातली पाण्याची पातळी किती, सगळ्यासकट. इंग्रजी संकेतस्थळाच्या तळघरात पडलेली पीडीएफ म्हणजे लोकांना सांगणं नव्हे.

"मग वीज नको का?" हा प्रश्न येणारच, आणि विचारणारा बहुधा जळगावात एसीखाली बसलेला असतो. वीज हवी. ती बनवणाऱ्याकडे बांध सांभाळायचे पैसे नसतील, तर तिचा भाव खोटा आहे आणि त्यातला फरक वेल्हाळेकर भरतोय.

तेव्हा आमदार-खासदारांनी पुढच्या वेळी गाड्यांसाठी निवेदन देताना आणखी चार ओळी लिहाव्यात. बांध फुटला तर चिखल कोणत्या नाल्याने कोणत्या वस्तीत जाईल, त्याचा नकाशा द्या. रात्री दोन वाजता पाझर दिसला तर पहिला फोन कुणाला लावायचा, त्या अभियंत्याचं नाव आणि नंबर द्या. भोंगा कुठे बसवलाय ते दाखवा. आणि तो एकदा दिवसाढवळ्या, लोकांना आधी सांगून, वाजवून दाखवा.