शलमोन राजाची मुद्रा आणि चांदोबाचे जुने अंक



येथे नोव्हाय गावी व आसपासच्या वस्तीत राहणाऱ्या आपल्या काही मातांनी आम्हांस एकच प्रश्न वारंवार विचारला आहे. घरातील मूल ग्रंथालयातून दर आठवड्यास पाचपाचशे पानांचे ग्रंथ आणते. पण त्यांत ड्रॅगन, चेटके, चालणारी झाडे व मंतरलेल्या अंगठ्या यांखेरीज काही नसते. तर हे वाचन चालू द्यावे की बंद करावे? अध्यापनाच्या प्रशिक्षणात आम्ही बालमानसशास्त्राचे जे काही शिकलो, ते क्षणभर बाजूस ठेवून उत्तर देतो की, अवश्य चालू द्यावे. इतकेच नव्हे, तर जेवताना त्या मुलास विचारावे की, बाळा, तुझे आवडते पुस्तक कोणते, कोणते हाती लागत नाही, आणि पुढचा भाग यावा म्हणून तू कोणत्या पुस्तकाची वाट पाहतोस? ह्या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून मूल जितके कळते तितके त्याच्या प्रगतिपुस्तकातून कळत नाही, असा आमचा अनुभव आहे.

अद्भुतकथा म्हणजे परक्यांची भाकड, असे जे आपल्यापैकी काही वडीलधारी मंडळी म्हणतात, ते आम्हांस मुळीच मान्य नाही. ज्या समाजाची पहिलीच आठवण फुटलेल्या तारवाची आणि नवगावच्या किनाऱ्यास लागलेल्या सात जोडप्यांची आहे, ज्या समाजात एलियाहू हन्नाबीचा अग्निरथ अलिबागनजीकच्या खंडाळ्याच्या खडकावर उतरला असे सांगून लोक आजही तेथे मलिद्याचा नवस फेडावयास जातात, त्या समाजाने अद्भुताकडे पाहून नाक मुरडावे हे नवलच म्हटले पाहिजे!

आणि शलमोन राजाची गोष्ट? ती तर आपल्या तलमूदमध्येच, गित्तीन नावाच्या ग्रंथात आहे. मंदिराच्या पाषाणांस लोखंडाचा स्पर्श होऊ द्यावयाचा नव्हता. म्हणून दगड चिरणारा शामीर मिळविणे राजास प्राप्त झाले, आणि त्याचा ठावठिकाणा कळावा म्हणून राक्षसांचा राजा आश्मदाय यास पकडण्याकरिता बनाया यास पाठविण्यात आले. बनायाने आश्मदायच्या विहिरीतील पाणी काढून तीत द्राक्षरस भरला व तो धुंद होऊन पडताच पवित्र नाम कोरलेल्या साखळीने त्यास जखडले. पुढे त्याच आश्मदायने राजाकडून मुद्रा काढून घेऊन गिळली व राजास चारशे पर्संग दूर भिरकावून दिले. आणि शलमोन दारोदार भीक मागत, मी एके काळी राजा होतो असे सांगत हिंडू लागला. कोणीही त्यावर विश्वास ठेविला नाही. ही गोष्ट आम्ही इयत्ता सहावीच्या वर्गात सांगतो तेव्हा एकही मूल घड्याळाकडे पाहत नाही.

हीच मुद्रा आम्हांस लहानपणी अवचित पुन्हा भेटली, ती ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ ह्या ग्रंथात. कोळ्याच्या जाळ्यात तांब्याचा घडा येतो, त्याच्या तोंडाशी शिशाचे झाकण, झाकणावर सुलेमानची मुद्रा, आणि आत त्या राजाशी बंड केलेला राक्षस. हा सुलेमान म्हणजे आपलाच शलमोन, दाविदाचा पुत्र, हे ध्यानी आले तेव्हा आम्हांस झालेला हर्ष काय वर्णावा! शेजारच्या हिंदू व मुसलमान मुलांबरोबर जे पुस्तक आम्ही पाळीपाळीने वाचत होतो, त्याच्या ऐन गाभ्यात आपला राजा बसला होता.

ह्या ग्रंथाचा इतिहासही मोठा बोधप्रद आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६१ पासून तो भागाभागांनी मराठीत आणावयास आरंभ केला. १८७८ साली ते वारले तेव्हा काम अपुरे होते. ते पुढे त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री व हरि कृष्ण दामले यांच्या हातून पुरे झाले. म्हणजे पुढच्या भागाची वाट पाहणे, मूळ लेखक मध्येच निवर्तणे आणि दुसऱ्याने ती माळ पुरी ओवणे, हे सारे मराठी वाचकाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अनुभविले आहे. अमेरिकेत रॉबर्ट जॉर्डन हा लेखक २००७ साली वारला व त्याची ‘कालचक्र’ अशा अर्थाच्या नावाची प्रचंड मालिका ब्रँडन सँडरसनने २०१३ साली समाप्त केली, तेव्हा येथील तरुण वाचकांना ते अपूर्व वाटले. आम्हांस चिपळूणकर पितापुत्र आठवले. जॉर्ज मार्टिन यांच्या मालिकेचा पाचवा खंड २०११ साली निघाला, आणि सहाव्यासाठी त्यांच्या वाचकांनी दहा वर्षांहून अधिक काळ वाट पाहिली. (ती मालिका मोठ्यांची आहे. कोवळ्या हाती ती देऊ नये, हे मात्र आम्ही स्पष्ट सांगतो.)

नाथमाधवांचे ‘वीरधवल’ आणि गो. ना. दातारांची ‘कालिकामूर्ति’ व ‘इंद्रभुवनगुहा’ ही आमच्या आईच्या पिढीची आवडती पुस्तके. दातारांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कथानकांना असा काही देशी पेहराव चढविला की, वाचणाऱ्यास परकेपणाचा वासही येऊ नये. नाथमाधव तर शिकारीच्या वेळी कड्यावरून पडून कमरेखाली लुळे झाले होते, आणि अंथरुणास खिळलेल्या ह्या मनुष्याने घोडदौडी, भुयारे व तटबंद्यांनी भरलेल्या कादंबऱ्या लिहिल्या. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नला मराठीत आणून आमच्या पिढीस चंद्रावर व पाताळात नेऊन आणले. त्याहून मोठे झाल्यावर नारायण धारप आले. त्यांचे पुस्तक रात्री वाचू नये अशी घरची ताकीद असे, आणि म्हणूनच ते रात्री वाचले जाई.

परंतु ज्यावाचून आमचा जीव आजही हळहळतो ते पुस्तक नव्हे, मासिक होय. ‘चांदोबा’! मद्रासेत नागी रेड्डी व चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये तेलुगू व तमिळ भाषांत ‘चंदामामा’ काढले. त्याचा मराठी अवतार १९५२ साली आला. खांद्यावर प्रेत व हाती नंगी तलवार घेतलेला विक्रम राजा आपणांपैकी कोणास आठवत नाही? तो चितारणारे शंकर हे चित्रकार अगदी वृद्धापकाळापर्यंत चित्रे काढीत होते. २०२० साली ते निवर्तले. पण आमचे मन वेताळापेक्षा धारावाहिक कथेत अधिक गुंतलेले असे. दोन तरुण, एक मांत्रिक, अर्धे मानव व अर्धे पशू असे प्राणी, पडझड झालेले देवालय. आणि भाग संपताना नायक हमखास दरीच्या कडेस लोंबकळत असावयाचा! मग पुढील महिन्याची पहिली तारीख येईपर्यंत नाक्यावरच्या पेपरवाल्याकडे आमच्या खेपा सुरू होत.

त्या कथा कोण लिहितो हे अंकावर छापलेले नसे. पुष्कळ वर्षांनंतर समजले की, त्यांतील अनेक कथांचे कर्ते दासरी सुब्रह्मण्यम् हे तेलुगू गृहस्थ होते. १९५२ पासून पन्नासहून अधिक वर्षे ते त्या कचेरीत काम करीत राहिले व २०१० साली वारले. ‘तोकचुक्क’ म्हणजे धूमकेतू, ‘पाताळ दुर्गम्’, ‘माया सरोवरम्’, ‘भल्लूक मांत्रिकुडु’ ही त्यांची काही मूळ नावे. कित्येक भाषांतील लक्षावधी मुलांस ज्याने महिनोन्‌महिने वाट पाहावयास लाविले, त्याचे नावही त्या मुलांस ठाऊक नसावे! तेलुगू वाचकांच्या चिकाटीमुळे त्या कथा पुढे त्या भाषेत पुस्तकरूपाने निघाल्या. मराठीत त्यांचा एकही संग्रह अद्यापि आमच्या हाती पडलेला नाही. १९९८ साली ‘चंदामामा’ काही काळ बंद पडला, पुन्हा निघाला, आणि २०१३ च्या सुमारास कायमचा थांबला.

आता नव्या पुस्तकांविषयी थोडेसे. टोल्किनचा मुद्रिकांचा महाग्रंथ मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ ह्या नावाने मराठीत आणला आहे, आणि हॅरी पॉटरचा पहिला भाग ‘हॅरी पॉटर आणि परीस’ म्हणून मिळतो. परीस हा शब्द योजणाऱ्यास आम्ही मनोमन शाबासकी देतो. ज्ञानेश्वरांपासून चालत आलेला शब्द कामास आला. टोल्किन हा निष्ठावंत कॅथलिक खरा, पण यहुदी वाचकाने त्याच्या दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. १९३८ साली एका जर्मन प्रकाशकाने ‘हॉबिट’च्या भाषांतरापूर्वी, आपण आर्यवंशीय आहात ना, अशी पृच्छा केली, तेव्हा त्याने उत्तराच्या मसुद्यात खेद दर्शविला तो एवढाच की, त्या गुणवान यहुदी लोकांपैकी आपले कोणी पूर्वज नाहीत. दुसरी गोष्ट अशी की, आपल्या कथांतील खुजे लोक आपणांस यहुद्यांसारखे वाटतात, असे त्याने एका पत्रात लिहिले आहे. ते जेथे जातात तेथे घर करतात तरी परकेच राहतात. देशाची भाषा बोलतात, पण त्यांच्या उच्चारात त्यांच्या स्वतःच्या खाजगी भाषेची झाक असते. त्या खुजांचा सोन्याचा लोभ आम्हांस खटकतो, हे लपवीत नाही. तथापि घरात मराठी, प्रार्थनेत हिब्रू आणि दुकानात इंग्रजी बोलणाऱ्या आपल्या कुटुंबांचे इतके नेमके वर्णन दुसऱ्या कोणा अद्भुतकथाकाराने केल्याचे आम्हांस तरी आठवत नाही.

‘हॉबिट’च्या हिब्रू भाषांतराची हकीगत इस्राएलमधील आपले आप्त सांगतात ती सर्वांनी मुलांस ऐकवावी. १९७० च्या सुमारास इस्राएलचे दहा सैनिक, बहुतेक वैमानिक, कैरोच्या तुरुंगात होते. रेडक्रॉसमार्फत त्यांच्याकडे हे इंग्रजी पुस्तक पोहोचले. सर्वांस इंग्रजी सहज वाचता येईना, म्हणून चौघांनी ते हिब्रूत उतरविण्यास घेतले. एकाने वाचून अर्थ सांगावा, दुसऱ्याने लिहून घ्यावे, असे चालले. १९७३ च्या युद्धानंतर सुटका झाली तेव्हा वह्या त्यांच्याबरोबर आल्या, आणि १९७७ साली ते भाषांतर छापले गेले. शेजारी बसलेल्या सोबत्यास परकी भाषा येत नाही, एवढेच त्या खटाटोपाचे कारण होते. पुढे हॅरी पॉटर हिब्रूत आणणाऱ्या गिली बार-हिलेल यांनी एका पात्राच्या तोंडचे नाताळचे गाणे काढून तेथे हानुकाचे गाणे घातले, त्यावर वाचकांत चांगलीच चर्चा रंगली. आम्ही म्हणू की, नाताळ नाताळच राहू द्यावा. दुसऱ्याचा सण ओळखण्याने मुलाचे काही बिघडत नाही.

ज्यांना खास यहुदी अद्भुत हवे, त्यांनी आयझॅक बाशेव्हिस सिंगर यांचा १९६६ सालचा बकरीच्या गोष्टीचा संग्रह आणावा. मॉरिस सेंडाकची चित्रे आहेत, आणि खेल्म गावच्या मूर्खांच्या कथा वाचून आजोबा व नातू एकाच वेळी हसतात. लहानग्यांसाठी एरिक किमेल यांचे १९८९ चे हर्शेल व हानुकाच्या भुतांचे पुस्तक फार गोड आहे. आपल्या गावच्या ग्रंथालयात न मिळाल्यास मिशिगनमधील ‘मेलकॅट’ ह्या सामाईक यादीतून मागवावे. दुसऱ्या गावचे पुस्तक विनामूल्य येते. ही दोन्ही कोणी मराठीत आणील काय, याची आम्ही उत्सुकतेने वाट पाहत आहोत.

एक बातमी जड मनाने लिहितो. गेल्या हिवाळ्यात येथील एका घरी आजी निवर्तल्या. त्यांनी मुंबईहून आणलेली चार खोकी भरून मराठी पुस्तके होती. घरात मराठी वाचणारे कोणी उरले नाही, म्हणून ती रद्दीच्या निळ्या पेटीत गेली. कोणास दोष द्यावा? मुलगा कामावर, सून अमेरिकन, नातवंडांस अक्षरओळख नाही. आम्हांस कळले तेव्हा गाडी येऊन गेली होती. त्या खोक्यांत काय काय होते हे आता कोणीच सांगू शकणार नाही. फक्त धाकटी नात म्हणाली की, एका जाड बांधीव पुस्तकात खांद्यावर मेलेला माणूस घेऊन चालणाऱ्या राजाचे चित्र होते, आणि आजी ते तिला इंग्रजीत सांगत असे.

तेव्हा वाचकांस आमची विनंती आहे. अश्दोद, दिमोना, लोद, ठाणे किंवा येथे, जेथे कोठे आपल्या घरी ‘चांदोबा’चे १९८५ पूर्वीचे अंक असतील, तेथे प्रथम धारावाहिक कथेची पाने पाहावीत, कथेचे नाव, महिना व वर्ष टिपून घ्यावे आणि शक्य तर प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून संपादकांच्या पत्त्यावर धाडावे. मुखपृष्ठ फाटलेले असले तरी चालेल. आमच्यापाशी भल्लूक मांत्रिकाच्या कथेचे नऊ भाग आहेत; शेवटचे नाहीत. वर्गातील दोन मुलांना आम्ही ते नऊ भाग इंग्रजीत सांगून दाखविले आहेत, आणि दर रविवारी ती दोघे दारातच विचारतात की, पुढचा भाग आला का?