हायड्रोजनच्या मोटारीची वैरण

देवणीच्या एका वाचकांनी आम्हांस पत्राने विचारले आहे की, मागे धुराऐवजी केवळ पाण्याची वाफ सोडणारी हायड्रोजनची मोटार आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबाच्या दाराशी आली, तर ती चालविण्यास काय पडेल? प्रश्न मोठ्या जाणतेपणाचा आहे. ज्या गोवंशामुळे देवणीचे नाव दूरवर गेले, त्यातील वानेरा, बालंक्या वा शेवेरा खोंड विकत घेणारा शेतकरी शिंगे, खूर, वशिंड पाहून झाल्यावर मनाशी कडब्याचा हिशेब करतोच करतो. मोटारींच्या जाहिराती मात्र वैरणीविषयी बहुधा मौन पाळतात.

हायड्रोजन म्हणजे जुन्या मराठी शास्त्रीय पुस्तकांतील उज्ज वायु. हा वायु व हवेतील प्राणवायु यांच्या संयोगातून वीज काढण्याची युक्ति विल्यम ग्रोव्ह यांनी 1839 च्या सुमारास दाखविली. तिलाच आज फ्युएल सेल म्हणतात. 30 मार्च 2022 रोजी केंद्रीय मंत्री श्री. नितीन गडकरी दिल्लीत टोयोटा कंपनीच्या ‘मिराई’ या अशाच मोटारीतून संसदेत गेले, तेव्हा किलोमीटरमागे दोन रुपयांहूनही कमी खर्चाची भाषा कानी आली. मिराई या जपानी शब्दाचा अर्थ भविष्यकाळ. आणि तो आकडाही तूर्त भविष्यकाळातलाच समजावा.

या मोटारीच्या टाक्यांत सुमारे 5.6 किलो वायु मावतो व तेवढ्यावर ती कंपनीच्या मोजणीप्रमाणे 650 किलोमीटरच्या आसपास जाते. म्हणजे किलोमागे सव्वाशे किलोमीटरही धड नाहीत. आता हा किलोभर वायु येतो कोठून? पाण्याचे पृथक्करण करून तो काढावयाचा, तर रसायनशास्त्राच्या हिशेबाने नऊ लिटर पाणी पुरते. शुद्धीकरणात काही अधिक जाते. 2016 साली मिरजेहून आगगाडीने आलेले पाणी ज्या लातुराने प्याले, तेथील वाचकांस पाण्याचीच धास्ती प्रथम वाटेल. परंतु संपूर्ण टाकीस तीनचार घागरी पाणी, हा काही मोठा खर्च नव्हे. खरी उधळपट्टी विजेची आहे. एका किलोस पन्नास ते पंचावन्न युनिट वीज लागते. युनिटला सात रुपये धरले तरी केवळ विजेचेच साडेतीनशेहून अधिक रुपये झाले. पुढे तो वायु हवेच्या दाबाच्या सातशे पट दाबून भरावयाचा, भरताना उणे चाळीस अंशांपर्यंत थंड करावयाचा; त्या यंत्रांचा खर्च व त्यांना लागणारी वीज निराळी. शिवाय हा वायु इतका विरळ की, नळकांड्यांनी भरलेली एक अवजड मालमोटार तीनचारशे किलोच काय तो वाहून नेते. दुधाच्या चरवीसाठी हत्ती जुंपावा तसा हा प्रकार.

तीच पंचावन्न युनिटे विजेच्या साध्या मोटारीच्या बॅटरीत भरली असती, तर तीनशे किलोमीटरचा रस्ता सहज सरला असता. विजेपासून वायु व वायूपासून पुन्हा वीज, या येरझाऱ्यांत दोनतृतीयांश माल वाटेतच सांडतो. ही गळती कोणत्याही सरकारी अनुदानाने बुजणारी नाही. अनुदानाने ती फार तर दुसऱ्याच्या खिशातून भागविली जाते.

भाव प्रत्यक्षात काय आहेत? पानिपत येथील तेलशुद्धी कारखान्यासाठी 2025 साली निविदांतून जो भाव निघाला, तो किलोस 397 रुपये होता. त्या दराने टाकी बावीसशे रुपयांच्या घरात भरेल, म्हणजे किलोमीटरला साडेतीन रुपयांच्या आत. पेट्रोलच्या मोटारीपेक्षा स्वस्तच. वाचकांनी येथे हुरळून जाऊ नये. हा भाव कारखान्याच्या दारातला. दाब, थंडावा, वाहतूक, पंप व पंपवाल्याचा नफा यांतले त्यात काहीच नाही.

ही भर किती पडू शकते, हे अमेरिकेतील कॅलिफोर्नियात दिसून आले. तेथे मोटारीबरोबर ग्राहकास पंधरा हजार डॉलरपर्यंतचा वायु फुकट मिळे. साहजिकच दर कोण पाहतो! पुढे ही फुकटची शिदोरी संपत आली आणि पंपावरील भाव किलोस 36 डॉलरपर्यंत चढला. टाकीस दोनशे डॉलर, म्हणजे सोळा हजारांहून अधिक रुपये. किलोमीटरला जवळजवळ पंचवीस. 2024 च्या फेब्रुवारीत शेल कंपनीने तेथील मोटारींचे आपले पंप कायमचे बंद केले. घरात एकच मोटार असलेल्या गृहस्थाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करवत नाही. पेट्रोलचा पंप बंद पडला तर माणूस पुढच्या पंपावर जातो. येथे पुढचा पंप बराच दूर असू शकतो. अशी मोटार विकावयास काढली तर घेणार कोण?

आपल्या पत्रलेखकांसही हीच अडचण येणार. देवणीहून पुणे चारशे किलोमीटरच्या वर आहे. भरल्या टाकीने ते पुण्यास सुखरूप पोचतील. परतीस टाकी अपुरी पडेल. लातूर, उदगीर, निलंगा येथे विजेचे बटण आहे. वायूचा नळ नाही.

म्हणून हा वायु टाकाऊ आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. खतांच्या व तेलशुद्धीच्या कारखान्यांस तो हवाच असतो, व तो आज बहुतांशी नैसर्गिक वायूपासून, धूर करूनच, काढला जातो. जानेवारी 2023 मध्ये केंद्र सरकारने 19,744 कोटी रुपयांची जी हरित हायड्रोजन योजना मंजूर केली, तिचे मोठे काम तेथेच आहे. वाहनांतही, रोज एकाच आगारात मुक्कामास येणाऱ्या बसगाड्या व दूर पल्ल्याच्या मालमोटारी यांना एकच पंप पुरतो. पुण्यात केपीआयटी व सीएसआयआर यांनी 2022 च्या ऑगस्टमध्ये अशी बस दाखविली, तीही याच विचाराने असावी. आमच्या पत्रलेखकांनी घरापुरती मोटार घेणे असल्यास विजेची पाहावी, आणि घेण्यापूर्वी आपल्या घराचा विजेचा दर व उदगीर-लातूर मार्गावरील चार्जिंगची ठिकाणे तेवढी तपासून घ्यावीत.