तिची झोप कोण मोजणार?

दारू आणि मारहाण हे दोन शब्द आपल्या चळवळीत जोडीनेच येतात. बाई तक्रार घेऊन आली की पहिला प्रश्न ठरलेला, ‘पिऊन मारतो का?’ तो विचारायलाच हवा. पण परभणीजवळच्या पेडगावसारख्या गावांत, कापूस वेचणीच्या दिवसांत बायांशी बोलताना मला वाटतं की आणखी एक प्रश्न विचारावा : ‘रात्री झोपायला किती मिळतं?’

बाया आधी हसतात. मग हळूहळू बोलू लागतात. ‘मारत नाही हो ताई, पण झोपूबी देत नाही.’ नवरा हात उगारत नाही म्हणून गाव अशा बाईला नशीबवान समजतं.

‘पिऊन निदान गप पडतो तरी,’ असं सासवा सांगतात. पहिले तीन-चार तास ते खरंही असतं. दारूने डोळा लवकर लागतो. पण रक्तातली दारू उतरू लागली की दाबून ठेवलेला मेंदू उलट जास्त जागा होतो. छाती धडधडते, घाम येतो. दारूमुळे लघवीचं प्रमाण वाढतं, म्हणून उठावं लागतं आणि घशाला कोरड पडते. गळ्याचे स्नायू सैल पडल्याने घोरणं वाढतं, मध्येच श्वास अडकतो. म्हणजे ज्याला आपण गप पडला म्हणतो, तो रात्री दोन-अडीचला उठून बसतो. मग पाणी दे, भाकरी गरम कर, पैसे कुठे ठेवले, दिवसा कुणाशी बोलत होतीस. झोप त्याची मोडते, पण उठावं लागतं तिला. लेकरंही जागी होतात, ती सकाळी शाळेत पेंगतात.

आता दुसऱ्या दिवसाचं. एका पव्व्यात, म्हणजे 180 मिलीत, साधारण 60 ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. यकृत तासाला जेमतेम सात-आठ ग्रॅम निपटतं. रात्री दहाला पव्वा संपवलेल्या माणसाची सकाळी सहापर्यंत जेमतेम उतरते. दोन पव्वे झाले तर दुपार होते. चहा, लिंबू, थंड पाण्याची आंघोळ, कशानेही हा वेग वाढत नाही. आणि पुरती उतरल्यावरही लक्ष लागत नाही, हात संथ चालतो. असा माणूस ट्रॅक्टरवर बसतो, फवारणीचा पंप पाठीला लावतो, ओल्या हाताने मोटारीचा स्टार्टर दाबतो. नाहीतर मग तो घरीच पडून राहतो आणि त्याची कामं तिच्या अंगावर येतात.

तिने तर थेंबही घेतलेला नसतो. तरी पहाटे पाचला उठून चूल, पाणी, डबा करून ती पऱ्हाटीत उभी राहते तेव्हा तिचेही डोळे तितकेच जड असतात. वेचणीचा पैसा किलोवर मिळतो. निंदणीत मागे पडलेल्या बाईला शेजारीण सांभाळून घेते, तिची पात पुढे नेते. काट्यावर ती सोय नाही. रात्र जागून काढलेल्या बाईचं गाठोडं हलकं भरतं, आणि मुकादमाच्या लेखी ती आळशी ठरते. दारूचा खर्च आपण मोजतो तो दुकानात गेलेल्या पैशांचा. हे न भरलेले किलो त्यात कुणी धरत नाही.

कुणी म्हणेल, व्यसन हा आजार आहे. आहेच, उपचार झालेच पाहिजेत. रोज पिणाऱ्याला एकदम सोडायला लावणंही धोक्याचं असतं, दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. म्हणून देवळापुढे शपथ घ्यायला लावण्याआधी दवाखाना गाठावा. सोडल्यावरही काही आठवडे झोप तुटकच राहते, आणि त्या रात्री पुन्हा बाटलीकडे ओढतात. पण त्याच्या आजारपणाची रात्रपाळी बायकोनेच करायची, हे कुणी ठरवलं?

गावात आडवी बाटली करण्याचा मार्ग आहे. पण तिथे मतदारयादीतल्या निम्म्याहून अधिक बायांची मतं आडवीला पडावी लागतात, म्हणजे घरी राहिलेली प्रत्येक बाई उभीच्याच बाजूची धरली जाते. शिवाय दुकान बंद झालं तरी चोरटी विक्री राहते. तोवर रात्री काढायच्या कशा?

माझं म्हणणं एवढंच की अर्ज लिहिताना झोपेचा हिशोब लिहा. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मानसिक आणि आर्थिक छळही हिंसाच धरला आहे. महिन्यात किती रात्री उठवलं, किती वाजता, दुसऱ्या दिवशी किती खाडे पडले, वजन किती घटलं, हे तारखांसकट मांडा. याच कायद्याच्या कलम 19 खाली बाई राहते त्या भागात यायला नवऱ्याला मनाई करता येते. एका खोलीच्या घरात त्या मनाईचा काय उपयोग? तिथे त्याला घराबाहेर राहायला लावणारा आदेश मागावा लागतो. तोही त्याच कलमात आहे, पण अंगावर वळ नसलेल्या बाईला तो मिळवायचा तर त्या रात्री कागदावर असाव्या लागतात.